मोठ्या कारखान्यातील अर्थ फॉल्ट संरक्षणाचे ग्रेडिंग कसे करावे

रिले सेटिंगचे काम हाती आले की फेज फॉल्टचे ग्रेडिंग (फॉल्टजवळचा रिले आधी आणि वरचे क्रमाने नंतर ट्रिप व्हावेत अशी सेटिंग लावणे) मन लावून केले जाते आणि अर्थ फॉल्टच्या (फेज जमिनीला टेकल्याने होणाऱ्या दोषाच्या) रकान्यात सगळीकडे २० टक्के आणि ०.१ टीएमएस (रिलेची वेळ ठरवणारा गुणक) भरून विषय संपवला जातो. मोटर, केबल आणि स्विचगिअरमधले बहुतेक दोष मात्र अर्थ फॉल्ट म्हणूनच सुरू होतात. अर्थ फॉल्टच्या करंटची परतीची वाट वेगळी असते. त्याचा आकडा न्यूट्रल कसा अर्थ केला आहे यावर ठरतो आणि तो मोजणारा सीटीही (करंट ट्रान्सफॉर्मर) बऱ्याचदा वेगळा असतो. त्यामुळे फेजच्या सेटिंगला ठरावीक टक्केवारी लावून ही सेटिंग काढता येत नाहीत. त्यांचा आराखडा स्वतंत्रच करावा लागतो.

खालचे आकडे एका नमुना सिस्टीमचे आहेत. ३३ केव्हीचा पुरवठा, ३३/६.६ केव्हीचे २० एमव्हीएचे दोन डीवायएन११ (वरची बाजू डेल्टा, खालची स्टार) ट्रान्सफॉर्मर, प्रत्येकाच्या न्यूट्रलला ४०० अँपिअर, १० सेकंदांचा एनजीआर (न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला रेझिस्टर), ६.६ केव्हीचा मुख्य बोर्ड, त्यावरून जाणारे सब-बोर्ड, त्यांवर मोटर आणि २ एमव्हीएचे ६.६/०.४३३ केव्ही ट्रान्सफॉर्मर. तुमच्याकडचे रेटिंग वेगळे असेल, पण हिशेबाची रीत हीच राहते.

सिंगल लाइन डायग्रामचे तुकडे पाडा

पहिले काम रंगीत पेन्सिलीचे. डायग्रामवर प्रत्येक डेल्टा वाइंडिंगपाशी रेघ मारा. झीरो सीक्वेन्स करंट (तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी एकाच दिशेने वाहणारा, अर्थमधून परतणारा भाग) डेल्टा ओलांडून पलीकडच्या लाइनमध्ये जात नाही, म्हणून दोन रेघांमधला प्रत्येक भाग अर्थ फॉल्टच्या दृष्टीने स्वतंत्र बेट असतो. नमुन्यात अशी तीन बेटे पडतात: ३३ केव्ही, ६.६ केव्ही आणि ४१५ व्होल्टचा एलटी (लो टेन्शन). ६.६ केव्हीच्या अर्थ फॉल्ट रिलेला एलटीच्या अर्थ फॉल्ट रिलेशी ग्रेड करायची गरज नाही. ही गरज नसताना वेळ वाढवत गेल्याने वरच्या इनकमरला (बोर्डाला पुरवठा आणणाऱ्या ब्रेकरला) दोन-दोन सेकंद दिलेले दिसतात. एकदा रेघा मारल्या की त्यातला बराच वेळ परत मिळतो.

प्रत्येक बेटात न्यूट्रल कुठे-कुठे अर्थ झाला आहे ते ठळक लिहा: सॉलिड, रेझिस्टरमधून, झिगझॅग ट्रान्सफॉर्मरमधून, की जनरेटरच्या न्यूट्रलमधून. ज्या बेटात असा एकही बिंदू नाही, तिथे फक्त कपॅसिटिव्ह करंट वाहतो आणि साधा ओव्हरकरंट अर्थ फॉल्ट रिले निरुपयोगी ठरतो.

आधी करंट काढा

६.६ केव्हीच्या बेटात फेज व्होल्टेज ३८१० व्होल्ट. एनजीआर ३८१० ÷ ४०० म्हणजे सुमारे ९.५ ओहमचा. केबल आणि ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स यापुढे किरकोळ असल्याने फॉल्ट मुख्य बसवर असो की दोन किलोमीटर लांबच्या मोटरच्या टर्मिनलवर, करंट जवळजवळ ४०० अँपिअरच राहतो. सगळ्या ग्रेडिंगवर परिणाम करणारी गोष्ट हीच. आयडीएमटी कर्व्हचा (करंट जास्त तितकी वेळ कमी) फायदा तेव्हाच होतो, जेव्हा जवळच्या आणि लांबच्या फॉल्टच्या करंटमध्ये ठळक फरक असतो. इथे तो नाही, म्हणून रेझिस्टन्स अर्थ्ड बेटात डेफिनिट टाइम (पिकअपच्या वर करंट कितीही असो, एकच ठरावीक वेळ) वापरा. आयडीएमटी ठेवला तर कमी करंटच्या फॉल्टला वेळ वाढते, दोन ट्रान्सफॉर्मर समांतर आले की फीडरच्या वेळा बदलतात आणि मोबदल्यात काहीच मिळत नाही.

एलटीला चित्र उलटे. २ एमव्हीए, ६.२५ टक्के इम्पिडन्सच्या ट्रान्सफॉर्मरचा फुल लोड करंट २६६७ अँपिअर, आणि न्यूट्रल सॉलिड अर्थ असल्याने टर्मिनलवरचा बोल्टेड अर्थ फॉल्ट सुमारे ४२.७ केए.

आता केबलचा चार्जिंग करंट. डेटा शीटवरून प्रत्येक केबलचे कपॅसिटन्स घ्या. समजा ०.४ मायक्रोफॅरड प्रति किलोमीटर आहे, तर एका फेजला अर्थ फॉल्ट झाल्यावर त्या केबलचा वाटा ३ × ३१४ × ०.४ × १०⁻⁶ × ३८१० म्हणजे सुमारे १.४४ अँपिअर प्रति किलोमीटर. दोन किलोमीटरच्या तीन समांतर केबलचा फीडर असेल तर ८.६ अँपिअर. मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये ०.२५ मायक्रोफॅरडचे सर्ज कपॅसिटर असतील तर प्रत्येक मोटरमागे आणखी ०.९ अँपिअर.

हा आकडा दोन ठिकाणी लागतो. सगळ्या बेटाची बेरीज एनजीआरच्या करंटपेक्षा कमी असायला हवी, नाहीतर आर्किंग फॉल्टमध्ये ट्रान्झियंट ओव्हरव्होल्टेज चढते. आणि शेजारच्या फीडरवर फॉल्ट झाला की निरोगी फीडरच्या सीटीतूनही त्याचा स्वतःचा चार्जिंग करंट वाहतो. फीडरचे पिकअप (रिले ज्या करंटला हलतो तो आकडा) त्याच्या स्वतःच्या चार्जिंग करंटच्या किमान दुप्पट-तिप्पट नसेल, तर फॉल्ट एका फीडरवर आणि ट्रिप दुसऱ्यावर असा प्रकार होतो. जुन्या कारखान्यात केबल वाढत जातात आणि सेटिंग तसेच राहते. असे ट्रिप बहुतेक तिथूनच येतात.

कोअर बॅलन्स सीटी: सगळ्यात जास्त चुका इथे

तिन्ही फेजच्या सीटींच्या बेरजेवरून, म्हणजे रेसिड्युअल जोडणीने, अर्थ फॉल्ट मोजता येतो. पण मोटर सुरू होताना किंवा ट्रान्सफॉर्मरच्या इनरशमध्ये (चालू करतानाच्या करंटच्या उसळीत) तीन सीटी सारखे वागत नाहीत आणि अर्थ फॉल्ट नसताना रिलेला करंट दिसतो. म्हणून मोटर आणि ट्रान्सफॉर्मर फीडरला कोअर बॅलन्स सीटी घ्या. तिन्ही फेज एकाच कोअरमधून जात असल्याने २० अँपिअर प्रायमरीचे सेटिंगही बिनधास्त ठेवता येते.

पण तो बसवायचा कसा, हे ड्रॉइंगवर क्वचित नीट दाखवलेले असते. फॉल्ट केबलच्या आत, कंडक्टरपासून स्क्रीनला (केबलच्या आतल्या धातूच्या आवरणाला) झाला असे समजा. कंडक्टरमधून ४०० अँपिअर फॉल्टकडे जातात आणि त्यांतले बरेचसे त्याच केबलच्या स्क्रीन-आर्मरमधून परत येतात. स्क्रीन सीटीच्या खिडकीतून जात असेल आणि पलीकडे अर्थ केलेली असेल, तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात. सीटीला काहीच दिसत नाही आणि रिले गप्प राहतो. उपाय सोपा आहे: स्क्रीनची अर्थ लीड उलट दिशेने पुन्हा त्याच खिडकीतून खाली आणा आणि मगच अर्थ बसला जोडा. खिडकीपर्यंत ही लीड इन्सुलेटेड असावी, पॅनेलला कुठेही टेकू देऊ नका.

ग्लँड आणि टर्मिनेशन सीटीच्या खाली असून खिडकीतून फक्त कोअर वर जात असतील, तर लीड खिडकीतून नेऊ नका, थेट अर्थ करा. ‘लीड सीटीतून घ्यायची’ एवढेच पाठ असलेला माणूस इथेही ती आत घालतो, आणि मग स्क्रीनचा करंट तेवढा मोजला जाऊन फॉल्टचा करंट खोडला जातो. स्क्रीन सीटीच्या वर संपते की खाली, हे डोळ्यांनी पाहूनच ठरवा.

तपासणी अशी करा. टेस्ट वायर खिडकीतून एकदाच नेऊन २० ते २५ अँपिअर सोडा. रिले पिकअप व्हायला हवा. मग तोच करंट स्क्रीनमधून सोडून तिच्या अर्थ लीडमधून परत घ्या. रिलेच्या डिस्प्लेवर शून्य दिसले पाहिजे. दुसरी चाचणी बहुतेक ठिकाणी केलीच जात नाही. तीच खरी महत्त्वाची.

फीडरला समांतर केबल असतील तर सगळ्या एकाच मोठ्या खिडकीतून न्या, किंवा प्रत्येकीला एकसारखा सीटी देऊन सेकंडरी समांतर जोडा. केबल खिडकीच्या मध्यावर आणि सीटीजवळ सरळ असाव्यात. सिंगल कोअर केबल वेड्यावाकड्या नेल्या तर मोटर सुरू होताना खोटा करंट येतो.

वेळा: खालून वर

न्यूमेरिकल (मायक्रोप्रोसेसरच्या) रिलेला दोन पायऱ्यांमध्ये ०.३ सेकंदाचे अंतर पुरते. त्यात ब्रेकर उघडून आर्क विझायला ०.०८ ते ०.१ सेकंद, रिलेची चूक आणि ओव्हरशूट मिळून तेवढेच किंवा थोडे कमी, आणि उरलेले सुरक्षिततेसाठी. जुने इलेक्ट्रोमेकॅनिकल रिले असतील तर ०.४ घ्या.

६.६ केव्हीच्या बेटाचे सेटिंग असे बसते:

- मोटर आणि ट्रान्सफॉर्मर फीडर, कोअर बॅलन्स सीटी: २० अँपिअर, ०.१ सेकंद
- सब-बोर्डचा बस कप्लर (बसचे दोन भाग जोडणारा ब्रेकर), १२५०/१ सीटी: ५० अँपिअर, ०.४ सेकंद
- सब-बोर्डचा इनकमर आणि त्याला पोसणारा मुख्य बोर्डावरचा फीडर: ६० अँपिअर, ०.७ सेकंद
- मुख्य बोर्डाचा बस कप्लर, २०००/१ सीटी: १०० अँपिअर, १.० सेकंद
- मुख्य ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल सीटी ४००/१, पहिली पायरी: १२० अँपिअर, १.३ सेकंद, ६.६ केव्ही इनकमर ट्रिप
- त्याच सीटीवर दुसरी पायरी: १२० अँपिअर, १.६ सेकंद, ३३ केव्ही ब्रेकर ट्रिप

तिसऱ्या ओळीत एकाच केबलच्या दोन टोकांना एकच वेळ आहे. कुठलेही टोक उघडले तरी तोच सब-बोर्ड बंद होणार, म्हणून त्यांच्यात पायरी घालणे म्हणजे ०.३ सेकंद वाया घालवणे. दुसरे, पिकअपसुद्धा वर जाताना वाढत जातात. वरचा रिले खालच्यापेक्षा संवेदनशील ठेवला तर त्या दोन सेटिंगच्या मधल्या करंटला खालचा रिले हलत नाही आणि वरचा सगळा बोर्ड घेऊन जातो.

मुख्य इनकमरला रेसिड्युअल जोडणी न देता न्यूट्रल सीटी वापरला, त्यालाही कारण आहे. २० केएच्या फेज फॉल्टला तीन सीटींमध्ये एक टक्का फरक पडला तरी २०० अँपिअरचा खोटा रेसिड्युअल करंट तयार होतो. न्यूट्रलमध्ये मात्र अर्थ फॉल्टशिवाय मोठा करंट येतच नाही. दुसरी पायरी लागते ती वाइंडिंग आणि इनकमर यांच्या मधल्या फॉल्टसाठी, आणि इनकमर अडकला तर. १.६ सेकंद हे एनजीआरच्या १० सेकंदांच्या आत आहेत. केबलच्या स्क्रीनचे रेटिंगही याच वेळेला पुरते का, ते पाहून घ्या.

१.३ सेकंद बसबार फॉल्टला जास्त वाटत असतील तर ब्लॉकिंग स्कीम वापरा. खालच्या कुठल्याही फीडरचा रिले पिकअप झाला की त्याने वरच्याला वायरने किंवा गूज संदेशाने (रिलेंमधला नेटवर्कवरचा जलद संदेश) रोखायचे. असा संदेश आला नाही तर वरच्याने ०.१ सेकंदात ट्रिप द्यायचा. डेफिनिट टाइमची मूळ वेळ बॅकअप म्हणून तशीच ठेवा. ब्लॉकिंगची वायर तुटली किंवा संदेश हरवला तर वरचा रिले वाट न पाहता ट्रिप करेल. त्या संपर्काचा अलार्म ठेवल्याशिवाय ही स्कीम चालू करू नये.

ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग: डिफरन्शियलवर विसंबू नका

डिफरन्शियल (ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंचे करंट ताडून पाहणारा रिले) आहे म्हणून आरईएफ (रिस्ट्रिक्टेड अर्थ फॉल्ट, फक्त त्या वाइंडिंगच्या भागातला अर्थ फॉल्ट पकडणारा रिले) वगळला जातो. जरा आकडे मांडून पाहा. २० एमव्हीए ट्रान्सफॉर्मरचा ६.६ केव्ही बाजूचा फुल लोड १७५० अँपिअर. एनजीआरमुळे अर्थ फॉल्ट ४०० अँपिअर, म्हणजे फुल लोडच्या २३ टक्के. स्टार वाइंडिंगच्या टर्मिनलवरच फॉल्ट झाला तरी डेल्टा बाजूच्या लाइनमध्ये त्याचे प्रतिबिंब √३ ने कमी, म्हणजे १३ टक्के. फॉल्ट वाइंडिंगमध्ये आत सरकला की हा आकडा न्यूट्रलपासूनच्या अंतराच्या वर्गाने घटतो: अर्ध्या वाइंडिंगवर जेमतेम ३ टक्के. डिफरन्शियलचे किमान पिकअप २० टक्के असेल, तर स्टार वाइंडिंगमधला एकही अर्थ फॉल्ट त्याला दिसणार नाही. त्यामुळे आरईएफ लागतोच.

हाय इम्पिडन्स आरईएफसाठी तीन फेजचे आणि न्यूट्रलचा असे चारही सीटी एकाच रेशोचे आणि पीएक्स वर्गाचे (नी पॉइंट ठरवून दिलेले संरक्षण सीटी) घ्या. इम्पिडन्स १० टक्के धरला तर थ्रू फॉल्ट (बाहेरच्या फॉल्टसाठी ट्रान्सफॉर्मरमधून जाणारा करंट) १७.५ केए, २०००/१ वर ८.७५ अँपिअर. सीटीचा रोध ८ ओहम आणि जाऊन-येऊन लीडचा १ ओहम असेल तर स्टेबिलिटी व्होल्टेज ८.७५ × ९ म्हणजे ७९, ते ८० धरा. नी पॉइंट (सीटी सॅच्युरेट व्हायला लागतो ते व्होल्टेज) याच्या दुप्पट, किमान १६० व्होल्ट. रिले ०.०२ अँपिअरवर असेल तर स्टेबिलायझिंग रेझिस्टर सुमारे ४००० ओहम. शिखर व्होल्टेज ३ केव्हीच्या वर जात असेल तर मेट्रोसिल (व्होल्टेज आवरणारा नॉन-लिनिअर रेझिस्टर) बसवा.

आता जो भाग राहून जातो तो. रिले ०.०२ वर आहे म्हणून प्रायमरी पिकअप ४० अँपिअर होत नाही. ८० व्होल्टला प्रत्येक सीटी २ मिलिअँपिअर मॅग्नेटायझिंग करंट घेत असेल तर चौघांचे ८, म्हणून खरे पिकअप २००० × ०.०२८ म्हणजे ५६ अँपिअर. ४०० च्या तुलनेत १४ टक्के, म्हणजे न्यूट्रलजवळचे १४ टक्के वाइंडिंग उघडे राहते आणि ८६ टक्के झाकले जाते. हे चालण्यासारखे आहे. कमी प्रतीचे सीटी लावले तर हाच आकडा सहज तिशीत जातो.

एलटी ट्रान्सफॉर्मर आणि एलटी बोर्ड

एलटीचा ४२.७ केए अर्थ फॉल्ट ६.६ केव्हीच्या दोन लाइनमध्ये सुमारे १६१७ अँपिअर म्हणून दिसतो आणि कोअर बॅलन्स सीटीला शून्य. म्हणूनच ट्रान्सफॉर्मर फीडरचा अर्थ फॉल्ट जवळपास तात्काळ ठेवता येतो. पण याचीच दुसरी बाजू: एलटी टर्मिनल आणि इनकमर यांच्या मधल्या बसडक्टमध्ये आर्किंग फॉल्ट होऊन करंट १० केएच असेल, तर वर ३७९ अँपिअर जातात. फेजचे पिकअप २२० अँपिअर, नॉर्मल इन्व्हर्स (आयडीएमटीचा एक कर्व्ह), टीएमएस ०.२ असेल तर ट्रिपला अडीच सेकंदांहून जास्त लागतात. तेवढ्यात बसडक्ट जळून जाते. उपाय म्हणजे एलटी न्यूट्रलला सीटी लावून त्याचा रिले थेट ६.६ केव्ही ब्रेकरला इंटरट्रिप करणे (दूरच्या ब्रेकरला ट्रिपचा सिग्नल देणे), वेळ एलटी इनकमरच्या वर एक पायरी.

एलटी बोर्डात खरी अडचण फ्यूज आणि साध्या एमसीसीबीची (मोल्डेड केस सर्किट ब्रेकर) असते. इनकमर एसीबीचा (एअर सर्किट ब्रेकर) अर्थ फॉल्ट ९६० अँपिअर, ०.४ सेकंद ठेवला आणि खाली २५० अँपिअरचा फ्यूज असेल, तर ९६० अँपिअरला फ्यूज वितळायला कित्येक सेकंद लागतात. इनकमर आधी जातो आणि सगळा बोर्ड अंधारात. कर्व्ह एकाच कागदावर काढा. जे फीडर इनकमरच्या रेषेला छेदतात त्यांना स्वतःचा अर्थ फॉल्ट युनिट द्या. फक्त इनकमरची वेळ वाढवून हा प्रश्न सुटत नाही, आर्किंगचे नुकसान तेवढे वाढते.

चार तारांच्या बोर्डात न्यूट्रलचा चौथा सीटी हवा आणि त्याची पोलॅरिटी बरोबर हवी. तो उलटा बसला तर सिंगल फेज लोड वाढला की ट्रिप येतो. खाली कुठे न्यूट्रल आणि अर्थ जोडले गेले असतील, तर न्यूट्रलचा काही करंट अर्थमधून परततो आणि विनाकारण ट्रिप होतो. दोन ट्रान्सफॉर्मर आणि कप्लर असलेल्या बोर्डात हे हमखास घडते, कारण परतीचा करंट दोन्ही न्यूट्रलमध्ये वाटला जातो. तिथे चार पोलचे ब्रेकर घ्या.

कॉन्टॅक्टर असलेल्या मोटर फीडरला आणखी एक तपासणी लागते. ६.६ केव्हीचा व्हॅक्यूम कॉन्टॅक्टर साधारण ४ केए तोडतो, फॉल्ट ४०० अँपिअरचा, त्यामुळे अडचण नाही. एलटीला मात्र एसी-३ वर्गाचा (मोटरसाठीचा) कॉन्टॅक्टर रेटेड करंटच्या ८ पटीपर्यंतच तोडण्यासाठी असतो. १० केएच्या अर्थ फॉल्टवर त्याला उघडायला लावले तर तो फुटतो. तिथे अर्थ फॉल्ट रिलेचा ट्रिप एमसीसीबीच्या शंट कॉइलला द्या.

दोन स्रोत एकत्र आले की

दोन्ही ट्रान्सफॉर्मर समांतर असताना फॉल्ट ८०० अँपिअर होतो, पण प्रत्येक न्यूट्रलमध्ये ४००च असतात. बसवर फॉल्ट झाला तर कप्लर १.० सेकंदाला उघडतो, त्यानंतर फक्त बाधित बाजूचा न्यूट्रल सीटी करंट पाहत राहतो आणि १.३ ला तीच बाजू जाते. हा क्रम कागदावर नीट बसतो का ते पाहा. कप्लरला अर्थ फॉल्ट नसेल तर दोन्ही इनकमर एकदमच जातात.

एकाच बसवर अनेक जनरेटर असतील तर एकाचाच न्यूट्रल अर्थ ठेवा, नाहीतर तिसऱ्या हार्मोनिकचा करंट न्यूट्रलमधून फिरत राहतो. पण तोच जनरेटर बंद पडला आणि बाहेरचा पुरवठाही गेला, तर बेट अनअर्थ्ड होते आणि सगळे अर्थ फॉल्ट रिले आंधळे होतात. न्यूट्रल कॉन्टॅक्टर आपोआप बदलणारी व्यवस्था तरी करा, किंवा बसवर झिगझॅग अर्थिंग ट्रान्सफॉर्मर ठेवा. समांतर फीडर किंवा रिंग असेल तर डायरेक्शनल अर्थ फॉल्ट लागतो. त्याचे पोलरायझिंग (दिशा ठरवायला लागणारे) व्होल्टेज ओपन डेल्टातून (तिन्ही सेकंडरी एकामागोमाग जोडून) घ्यायचे असल्याने व्हीटी (व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर) पाच लिंबचा किंवा तीन सिंगल फेज युनिटचा हवा. तीन लिंबच्या व्हीटीतून झीरो सीक्वेन्स व्होल्टेज मिळत नाही.

एनजीआरची तब्येत

एनजीआरचा एलिमेंट तुटला किंवा त्याची लिंक सैल झाली तर रोजच्या कामात काहीच जाणवत नाही. पुढच्या अर्थ फॉल्टला मात्र करंट वाहत नाही, कुठलाही रिले हलत नाही आणि निरोगी फेज लाइन व्होल्टेजवर जाऊन बसतात. ओपन डेल्टाचा न्यूट्रल डिस्प्लेसमेंट रिले अलार्मला ठेवा, म्हणजे असे घडल्यावर निदान कळेल. जमल्यास एनजीआर मॉनिटर बसवा. प्रत्येक मोठ्या शटडाउनमध्ये रोध मोजा. ९.५ ओहमच्या १० टक्के इकडे-तिकडे गेला तर एलिमेंट उघडून पाहा. त्याच वेळी न्यूट्रल सीटीतून प्रायमरी इंजेक्शन (सीटीच्या प्रायमरीतूनच करंट सोडणे) देऊन दोन्ही पायऱ्यांचे ट्रिप खऱ्या ब्रेकरपर्यंत जातात का ते बघा. नुसत्या सेकंडरी इंजेक्शनने सीटीच्या शॉर्टिंग लिंक उघड्या आहेत की बंद, ते कळत नाही.